पाळण्यातलं नाव

त्या शनिवारी आईनं अळूवड्या केल्या होत्या. उंडे वाफवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की चिंच घालायची राहिली.

"आता घसा खाजणार," ती म्हणाली. "तरी खा. पुण्यात तेवढंही मिळत नाही तुला."

खिडकीबाहेर, कोपऱ्यावरच्या खांबावरच्या भोंग्यातून तिचाच आवाज आला. "नमस्कार. मी मृदुला बोलतेय. तांबी नदीचं पाणी घाटावरच्या मारुतीपाशी आहे. वाढ नाही. घाबरू नका, पण नदीकाठी गुरं बांधू नका."

"ठाऊक आहे गं बाई," आई खांबाला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "'मारुतीपाशी'वर केवढा जोर देते बघ. मी अशी बोलते?"

"अशीच बोलतेस."

"काहीतरीच तुझं."

संध्याकाळी आम्ही दोघी भाजीला गेलो. कुंभेरीत दर पावसाळ्यात होतं तसंच त्या दिवशीही सगळं बोलणं पाण्याचं होतं. कुठवर आलं, वर किती पडला, यंदा बाजारपेठेत शिरेल का. भाजीवाल्या हौसाबाईंनी आईला विचारलं, "बाई, तुमी हितं, मग तकडं खांबावर कोण बोलतंय?"

"ती माझी जाऊ," आई म्हणाली. "दिवसभर बोलते, काम काही करत नाही."

परतताना घरमालक विष्णुकाका त्यांच्या कापडदुकानाच्या पायरीवर उभे दिसले. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. ते आणि मायाकाकू खाली, दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. काकांना कमरेचं दुखणं होतं आणि पुराच्या वर्षी सगळा माल माळ्यावर चढवावा लागायचा.

"वहिनी, तुमच्या मृदुलेनं सांगितलं तरच चढवणार हं माल," ते म्हणाले. "उगाच कंबर मोडून घ्यायची नाही."

"तिचं ऐका," आई हसून म्हणाली. "माझं कोण ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायला म्हणून आई माझ्याबरोबर पुण्याला आली. तो शनिवार हा आमचा शेवटचा साधा दिवस. त्या दिवसापर्यंत मृदुला हे नुसतं नाव होतं, माझ्या आईचं आणि त्या खांबावरच्या आवाजाचं.

*

आई गावाच्या छोट्या रेडिओ केंद्रावर बोलायची. बाजारभाव, मुलांसाठी गोष्ट, पाणी कधी सुटणार ते. बाबा मी शाळेत असतानाच गेले आणि तेव्हापासून तिनं ती नोकरी धरली होती. पुराची सूचना देणारी जलवाणी नावाची यंत्रणा गावात आली, तेव्हा त्यांना लोकांच्या ओळखीचा आवाज हवा होता. आईनं कित्येक दिवस एका बंद खोलीत बसून वाचन केलं. त्यानंतर यंत्र तिच्या आवाजात काहीही बोलू शकत होतं, तिनं कधीच न उच्चारलेली वाक्यंसुद्धा.

तिनं एकच अट घातली होती. प्रत्येक सूचनेच्या सुरुवातीला नाव सांगायचं. "नाव न सांगता बोलणाऱ्यावर विश्वास कोण ठेवेल?" असं तिनं त्या इंजिनियर मुलांना सुनावलं होतं. त्यांना ते पटलं. लोक जलवाणी हे नाव विसरले आणि यंत्रणेलाच मृदुला म्हणू लागले.

ही यंत्रणा फक्त पाण्याची पातळी मोजत नव्हती. वरच्या खोऱ्यातली माणसं फोनवरून जे बोलून कळवत, तेही ती ऐकायची. घाटमाथ्यावर उंबरटेक नावाचं गाव आहे. रविवारी संध्याकाळी तिथून एका माणसानं कळवलं, "घाटातलं पाणी उतरलं. लई उतरलं."

उंबरटेकच्या लोकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. ते उंचावर राहतात. त्यांच्याकडून पाणी उतरलं म्हणजे ते खाली गेलं. आमच्याकडे निघालं. आम्ही खाली राहतो. आमच्याकडे पाणी उतरलं म्हणजे पूर ओसरला. एकाच नदीच्या दोन टोकांना एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, आणि शेकडो वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं, कारण ऐकणाऱ्याला बोलणारा कुठे उभा आहे ते ठाऊक असायचं.

यंत्राला ते ठाऊक नव्हतं. पुढे मी यावर पुष्कळ वाचलं. भाषा शिकणाऱ्या यंत्राला शब्दाचा अर्थ कळत नाही, शब्दाची संगत कळते. ते कोट्यवधी वाक्यं वाचतं आणि कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते पाहून प्रत्येकाला एका अफाट नकाशावर जागा देतं. 'आई' आणि 'माया' जवळजवळ, 'आई' आणि 'डांबर' लांब. लिहिलेल्या मराठीत 'पाणी उतरलं'च्या शेजारी कायम 'दिलासा', 'पूर ओसरला', 'रस्ते खुले' हेच शब्द होते. उंबरटेकची बोली कुणी लिहून ठेवलेली नव्हती. त्यातच घाटाखालचा पाणी मोजणारा खांब गाळानं बंद पडला होता. यंत्राजवळ एवढं एकच वाक्य उरलं आणि त्यानं त्याच्या परीनं बरोबर अर्थ लावला.

कुंभेरीत आईचा आवाज आला. "नमस्कार. मी मृदुला बोलतेय. पाणी उतरतंय. निर्धास्त झोपा."

विष्णुकाकांनी माल चढवला नाही. ते दुकानातच झोपले. मायाकाकूंना शेजाऱ्यांनी जिन्यावर ओढून घेतलं. काकांचा हात कुणाच्या हाती लागला नाही. पेठेतली आणखीही माणसं गेली. बहुतेक सगळी अंथरुणात होती.

सकाळी पुण्यात आईनं बातम्यांत पाण्याखालची पेठ पाहिली. दोन दिवसांनी उंबरटेकच्या त्या माणसाचं बोलणं वाहिन्यांनी पुन:पुन्हा ऐकवलं. ते ऐकून आई म्हणाली, "मी असते तर विचारलं असतं गं. अहो, उतरलं म्हणजे आलं की गेलं?"

*

यंत्रणा बंद झाली. चौकशी झाली, अहवाल आला आणि आईचा दोष नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. अहवाल कोण वाचतं? 'निर्धास्त झोपा' हे तिच्या आवाजातलं वाक्य मात्र घरोघरी पोचलं. लोक आधी त्याच्यावर रडले, मग चिडले, मग विनोद झाले. वर्षभरात नावाचा शब्द झाला. परीक्षेला बसलेल्या मुलाला आई म्हणे, "पेपर सोपा गेला म्हणून मृदुला लावू नकोस." पुढारी एकमेकांना म्हणत, "ही सरकारची मृदुला आहे." ज्यांनी कुंभेरी नकाशावरही पाहिलं नव्हतं, तेसुद्धा म्हणत.

आई पुन्हा कुंभेरीला राहायला गेली. मी नको म्हणत होते. तिचा चेहरा बाहेर कुणी ओळखत नव्हतं, पण आवाज सगळ्या जिल्ह्याला पाठ होता. एकदा बसमध्ये तिनं तिकीट मागितलं आणि पुढच्या सीटवरची बाई रडायला लागली. त्यानंतर आई बाहेर बोलेनाशी झाली. भाजी बोट दाखवून घ्यायची. दुकानात चिठ्ठी द्यायची. हौसाबाईंनी सगळं ओळखलं होतं. त्या काही न बोलता कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकत.

मायाकाकूंनी जिना कधी बंद केला नाही. पण त्या वरही आल्या नाहीत, आणि आई खाली गेली नाही. मी गेले की काकू मला हाक मारून चहा द्यायच्या, माझी चौकशी करायच्या. आईचं नाव आम्ही दोघी घ्यायचो नाही. मुली आईचं नाव घेतच नाहीत म्हणा. 'आई' एवढं पुरतं. शाळेच्या अर्जावर मी ते लिहिलं असेल, तोंडानं मात्र कधी उच्चारलं नव्हतं. आणि पुरानंतर तर कुठे उच्चारणार?

मला दिवस गेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. मग म्हणाली, "मुलगी झाली तर काहीही नाव ठेव. माझं तेवढं ठेवू नकोस हं."

मी म्हणाले, "आत्तापासून काय नावाचं?" एवढंच. मला तिला दुसरं काही सांगायचं होतं. ते गावी जाऊन समोरासमोर सांगू, असं मनाशी म्हटलं.

माझ्या ओटभरणासाठी हिरवी साडी आणायला ती तालुक्याला गेली होती. छातीत दुखू लागलं म्हणून एका दवाखान्यात शिरली. तिथल्या मुलीनं नंतर मला सांगितलं, "त्या बाकावर बसून राहिल्या हो. मी दोनदा विचारलं, काय होतंय? त्यांनी नुसता हात छातीवर ठेवला. मला वाटलं, मुक्या आहेत. मी म्हटलं, नंबर येईल, बसा." नंबर येईपर्यंत आई बसली. गर्दी होती. बोलली असती तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं.

साडी पिशवीत होती. घडी मोडलेली नव्हती.

*

मी एका शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. लोकांच्या तोंडी आलेले नवे शब्द गोळा करायचे, पारखायचे, अर्थ लिहायचे. आई गेल्यानंतर मी कामावर रुजू झाले त्या आठवड्यातल्या बैठकीत आमचे संपादक सबनीस खुशीत होते.

"या वर्षीचा सगळ्यात सुंदर शब्द," ते म्हणाले आणि पडद्यावर नोंद दाखवली. *मृदुला. नाम, स्त्रीलिंगी. खोटा दिलासा; संकट समोर असता दिलेला विश्वास.* "विशेषनामाचं सामान्यनाम होताना आपण डोळ्यांनी पाहिलं, शर्वरी! असं शंभर वर्षांत एकदा होतं. तुमचं काय म्हणणं?"

सबनीस वाईट माणूस नाहीत. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, आणि माझ्या आईचं नाव त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. पोटातल्या बाळानं त्याच वेळी लाथ मारली. मी नोंद पुन्हा वाचली. व्याख्या नेमकी होती. उदाहरणं खरी होती.

"नोंद बरोबर आहे," मी म्हणाले.

त्या दुपारी घरी जाताना माझं ठरलं. मुलगी झाली तर मृदुला.

माझा नवरा निहार म्हणाला, "पल्लवीताईशी बोलू या." पल्लवीताई त्याची मोठी बहीण. ती एका संस्थेत अशा भाषायंत्रांची तपासणी करते. तिला मी आवडते, म्हणून ती माझ्याशी गोड बोलत नाही.

"हे बघ शर्वरी, माणसांचं मी समजू शकते," ती म्हणाली. "माणसं हसतील, चिडवतील, विसरतील. यंत्र विसरत नाही. तुझ्या मुलीला शाळेत यंत्र शिकवणार, दवाखान्यात यंत्र तपासणार. ती जिथे सही करेल तिथे यंत्र ते नाव वाचणार. आणि ते नाव नकाशावर आता कुठे जाऊन बसलंय ठाऊक आहे? 'खोटं', 'बुडणे', 'भरवसा ठेवू नका' यांच्या मधोमध."

"नाव बघून निर्णय घ्यायचा नाही असा नियम आहे ना?" निहारनं विचारलं.

"आहे की. आणि कुणीच तसा घेत नाही. माझ्याकडे एक मृदुला आली होती. नर्स. रुग्णांची ती जी नोंद करायची, तिच्यापुढे हॉस्पिटलचं यंत्र खूण करायचं, 'पुन्हा तपासा'. ताप लिहिला, पुन्हा तपासा. गोळी दिली, पुन्हा तपासा. तिची एक चूक नव्हती. आम्ही सगळं उसवून पाहिलं, कुठेही दुष्टपणा सापडला नाही. फक्त सहीतलं नाव. शेवटी कंटाळून बिचारीनं गॅझेटमध्ये नाव बदललं." तिनं माझा हात धरला. "तुझी आई मला आवडायची गं. पण ही माझी भाची असणार आहे. तिच्या कपाळावर तू जन्मभरासाठी 'पुन्हा तपासा' लिहिणार?"

मी विचारलं, "नावाची ही जागा कधी बदलतच नाही?"

ताई खोटं बोलत नाही. "बदलते. यंत्रं ठरावीक काळानं सगळं नव्यानं वाचतात. नाव दुसऱ्या संगतीत दिसलं, की जागा सरकते. मृदुलाला गणितात चांगले गुण, मृदुला सायकलवरून पडली, मृदुलाचा डबा राहिला. अशी साधी वाक्यं हवीत, ढीगभर. पण त्यासाठी त्या नावाची माणसं हवीत. आहेत त्या नाव बदलतायत, नवी कुणी ठेवत नाही. एका मुलीनं केसभरही सरकणार नाही ते."

"केसभरही नाही?"

"केसाच्या हजाराव्या भागाइतकं. खूष?"

मी खूष नव्हते. ती बरोबर होती. कुणासाठी नाव ठेवायचं, जी गेली तिच्यासाठी की जी येणार तिच्यासाठी, एवढाच प्रश्न होता. आणि जी गेली तिनंही नकोच म्हटलं होतं.

तोड निहारनं काढली. "आपल्यात पाळण्यातलं नाव असतंच की वेगळं. माझं पाळण्यातलं नाव माधव, कुणाला माहीत आहे? आत्यानं कानात मृदुला सांगायचं. कागदावर आणि चारचौघांत इरा. यंत्राला कळायचं नाही, आईंचं नावही राहील."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सांगेन कानात," ती म्हणाली. "छान सांगेन."

मीही हो म्हटलं. सगळ्यांना सोयीचं होतं. कुजबुजून घ्यायचं नाव. आईनं शेवटची वर्षं तशीच काढली होती.

*

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. आईनं आणलेली हिरवी साडी मी त्या दिवशी पहिल्यांदा नेसले.

कुंभेरीहून मायाकाकू आल्या. मी फोन केला होता, पण त्या येतील असं वाटलं नव्हतं. पुराच्या पाण्यानं त्यांचा डावा कान गेला होता. त्या पाळण्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या आणि बाळाकडे पाहत राहिल्या. "हनुवटी आजीची आहे," एवढंच म्हणाल्या. पुरानंतर त्यांच्या तोंडून आईचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकत होते.

बाळाला पाळण्याखालून वरून फिरवणं झालं. निहारच्या मावश्या लांबच्या नातेवाइकांना दिसावं म्हणून फोन उभा करून ठेवत होत्या. घुगऱ्यांचा वास घरभर होता. पल्लवीताई पाळण्यावर वाकली, तशा मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या.

"अगं हळू! आत्या एकच आहे, पुरवून वापरा," ती ओरडली.

"कुर्रर्र कर आधी, मग बोल!"

"कुर्रर्र," ताईनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. धपाट्यांच्या गोंगाटात तिचे ओठ हललेले मला दिसले. तीन अक्षरं. तिनं खरंच छान सांगितलं असावं, कारण बाळाचं चुळबुळणं थांबलं. ताई सरळ झाली. फोन तिच्याकडे वळला. बायका गप्प झाल्या.

"काय ठेवलं हो नाव?" कुणीतरी विचारलं.

ताईनं श्वास घेतला. आणि त्या तेवढ्या शांततेत मला तो दवाखान्यातला बाक दिसला. छातीवर ठेवलेला हात. भरलेली खोली, आणि न उघडलेलं तोंड.

"मृदुला," मी म्हणाले.

हळूच निघालं ते. घसा खाजल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा मी ते नाव उच्चारलं होतं. निहारनं माझ्याकडे पाहिलं. ताईनं डोळे मिटले, मग उघडले, आणि ती पाळण्यापासून एक पाऊल मागे सरली, मला जागा करून देत. मागच्या रांगेत कुणाला तरी हसू आलं आणि ते लगेच दाबलं गेलं. फोनच्या पडद्यावर लांबलांबचे चेहरे एकमेकांकडे बघू लागले.

मायाकाकूंचं लक्ष माझ्या ओठांकडे होतं. त्यांनी खुर्चीत पुढे झुकून उजवा कान माझ्याकडे केला.

"काय म्हणालीस?" त्या म्हणाल्या. "मोठ्यानं सांग गं. मला ऐकू येत नाही."

त्यांना ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, मला कळलं नाही. मी बाळाला उचललं आणि त्यांच्यासमोर गेले.

"मृदुला," मी खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या आईचं नाव आहे, काकू. तो आवाज तिचा होता, ते वाक्य तिचं नव्हतं. ती असती ना, तर तिनं काकांना झोपू दिलं नसतं."